मेंदूचा स्वतःचा लगाम

अपस्माराविषयी वाचताना एक प्रश्न मला फार दिवस सतावत होता: सुरू झालेला झटका थांबतो तरी कसा? बहुतेक झटके काही मिनिटांत, औषधाविनाच ओसरतात. म्हणजे मेंदूपाशी स्वतःचा लगाम असला पाहिजे. त्या लगामात न्यूरोपेप्टाइडांचा, म्हणजे चेतापेशी संदेशासाठी सोडतात त्या अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांचा, मोठा वाटा आहे.

ग्लुटामेटासारखी, पुढच्या पेशीला उत्तेजित करणारी रसायने चेतापेशी सर्रास सोडत असते. न्यूरोपेप्टाइडे मात्र वेगळ्या, मोठ्या पुटिकांत (पेशीतल्या सूक्ष्म पिशव्यांत) साठवलेली असतात आणि पेशी सलग, वेगाने संदेश पाठवू लागली की मुख्यतः तेव्हाच बाहेर पडतात. झटक्यात नेमके हेच घडते. ज्या उद्रेकाला आवर घालायचा, तोच उद्रेक आवर घालणारे द्रव्य मोकळे करतो, या योजनेचे मला विलक्षण अप्रूप वाटते.

१९८२ मध्ये कझुहिको तातेमोतो यांनी डुकराच्या मेंदूतून वेगळे केलेले, ३६ अमिनो आम्लांचे न्यूरोपेप्टाइड वाय हे याचे उत्तम उदाहरण. हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागात ते मुख्यतः वाय-२ ग्राहींना (पेशीवरील संदेश टिपणाऱ्या रेणूंना) चिकटून ग्लुटामेटाचा स्राव घटवते. ज्या उंदरांत त्याचे जनुक निष्क्रिय केले होते, त्यांच्यात कायनिक आम्ल या झटके आणणाऱ्या रसायनाने घडवलेले झटके आटोक्यात आले नाहीत आणि बहुतेक उंदीर दगावले. गॅलानिनही असेच झटके रोखते. मात्र सगळीच पेप्टाइडे रक्षक नसतात; सबस्टन्स पी प्राण्यांमध्ये झटक्यांना खतपाणी घालते.

न्यूरोपेप्टाइडांचा संबंध अपस्मारापुरताच नाही; स्मृती हिरावणाऱ्या अल्झायमरच्या बाबतीत सोमॅटोस्टॅटिन हे आणखी एक पेप्टाइड अधिक महत्त्वाचे वाटते. या आजारात मेंदूच्या बाह्यपटलातील त्याचे प्रमाण घटते, हे १९८० पासून ठाऊक आहे. पुढे उंदरांवरील संशोधनातून दिसले की, या आजारात मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड-बीटाचे विघटन करणाऱ्या नेप्रिलायसिन या विकराला (एन्झाइमला) तेच चालना देते. त्यामुळे ही घट आजाराचा केवळ परिणाम न राहता त्याला आणखी बळ देणारीही ठरू शकते.

मग ही पेप्टाइडे औषध म्हणून सरळ का देत नाहीत? शरीरातील विकर त्यांचे झपाट्याने तुकडे करतात आणि रक्त व मेंदू यांमधील अडथळा त्यांना सहजी आत सोडत नाही. म्हणून निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत न्यूरोपेप्टाइड वायचे जनुकच हिप्पोकॅम्पसमध्ये पोहोचवण्याचे प्रयोग झाले, आणि उंदरांत झटके खरोखर कमी झाले. सध्याच्या औषधांनी सुमारे एक तृतीयांश रुग्णांचे झटके आटोक्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी मला ही वाट सर्वांत आशेची वाटते, कारण तिच्यात पेशीला तिचाच लगाम परत मिळतो आणि तो ती गरजेच्या क्षणी ओढू शकते.