खालची पट्टी

२३ नोव्हेंबर २०१९, शनिवार. आदल्या रात्री वरळीच्या नेहरू सेंटरमधून बाहेर पडताना शरद पवारांनी मुख्यमंत्रिपदासाठी उद्धव ठाकरेंच्या नावावर एकमत झाल्याचं सांगितलं होतं. महिनाभराचं गुऱ्हाळ संपलं म्हणत आम्ही चॅनलवर शपथविधीचे ग्राफिक्स करून ठेवले आणि मी मध्यरात्रीनंतर घरी गेलो.

सकाळी आठ वाजून गेले असतील. रिपोर्टरचा फोन. "सर, दादांनी शपथ घेतली."

"कुठल्या दादांनी?" आपल्याकडे तेव्हा दादा दोन, चंद्रकांतदादा आणि अजितदादा.

"अजितदादांनी. उपमुख्यमंत्री. मुख्यमंत्री फडणवीस."

"रात्रीची उतरली नाही का रे?"

टीव्ही लावला. आमच्या चॅनलवर ज्योतिषीबुवा कन्या राशीला प्रवास टाळायला सांगत होते. रेकॉर्डेड कार्यक्रम. शनिवारी सकाळी डेस्कवर चारच माणसं. ती शिफ्ट मीच कापली होती, 'त्या वेळी काय घडतंय?' म्हणून. आउटपुट हेडला असले निर्णय घ्यायचेच पगार मिळतात.

तोवर व्हॉट्सअॅपवर क्लिप आली. जुनी तर नाही? पण २०१४चा शपथविधी वानखेडेवर, मैदानात झाला होता. इथे राजभवनातली खोली, शपथ द्यायला राज्यपाल कोश्यारी. म्हणजे आजचीच. या खातरजमेत तीन मिनिटं गेली. त्या तीन मिनिटांबद्दल मालकांनी नंतर बरंच सुनावलं, पण ती मी आजही घेईन.

"ज्योतिषी काढा, ब्रेकिंग घ्या. ओबी, लाइव्हची गाडी, कुठाय?"

"वरळीतच सर. ड्रायव्हर झोपलाय."

व्हिज्युअल ऑन एअर गेलं. फडणवीस 'ईश्वरसाक्ष' म्हणतायत आणि त्यांच्या छातीखालून टिकर शांतपणे सरकतोय : 'उद्धव ठाकरेंच्या नावावर शिक्कामोर्तब, लवकरच शपथविधी.' रात्रीचाच लूप. टिकरवरचा पोरगा चहाला गेलेला. पीसीआरमध्ये, म्हणजे कंट्रोल रूममध्ये, सगळ्यांच्या नजरा व्हिज्युअलवर, खाली कोण बघतो! मी फोनवर ओरडत राहिलो, तरी पट्टी पूर्ण दोनदा फिरली. स्क्रीनशॉट मला माझ्या मेहुण्याने पाठवला, हसऱ्या इमोजीसकट.

मग दिवसभर श्वास घ्यायला उसंत नाही. राष्ट्रपती राजवट पहाटे ५.४७ला उठल्याचं कळलं. दुपारी वाय. बी. चव्हाण सेंटरमध्ये पवार-ठाकरेंची एकत्र पत्रकार परिषद. पहाटे राजभवनावर गेलेले राष्ट्रवादीचे आमदार राजेंद्र शिंगणे तिथे येऊन, आपण साहेबांसोबतच असल्याचं सांगू लागले, तेव्हा मी आमचे 'नवे सरकार'चे ग्राफिक्स थांबवले. राष्ट्रवादीच्या ५४ आमदारांपैकी नेमके कोण कुठे, हे मोजायला एक माणूस वेगळा बसवला. संध्याकाळपर्यंत त्याचा आकडा चारदा बदलला.

२६ तारखेला दुपारी अजित पवारांपाठोपाठ फडणवीसांचाही राजीनामा. मी डेस्कवर उभा होतो. टिकरवाला पोरगा खुर्चीतून वळला.

"सर, ती उद्धवजींची ओळ डिलीट नव्हती केली. टाकू?"

"टाक. आणि चहा इथेच मागव."