न लिहिलेलं वाक्य शोधताना

‘ज्या कर्मचाऱ्यांनी स्वतःहून प्रशिक्षण घेतलं, त्यांचं काम इतरांपेक्षा सरस आहे. तेव्हा सगळ्यांना प्रशिक्षण दिलं तर सगळ्यांचंच काम सुधारेल.’ एवढाच मजकूर, खाली पाच पर्याय, आणि प्रश्न असा की हा युक्तिवाद कोणत्या गृहीतकावर उभा आहे? जीमॅटच्या, म्हणजे व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या, तयारीत गणितापेक्षा मला या प्रकाराने जास्त दमवलं. गणितात निदान सगळी माहिती समोर असते. इथे जे वाक्य लिहिलेलंच नाही तेच ओळखायचं असतं, आणि नेमकं ते आपल्या डोक्याने वाचता वाचता स्वतःच भरून टाकलेलं असतं.

रोजच्या बोलण्यात हे भरून घेणं चांगलंच असतं. ‘ढग आलेत, छत्री घे’ यावर मधली पायरी कोणी विचारत नाही. न्यायदर्शनात, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या भारतीय दर्शनात, मात्र दुसऱ्याला पटवायचं असेल तर ही सवलत नाही. डोंगरावर अग्नी आहे, कारण तिथे धूर आहे, एवढ्यावर थांबून चालत नाही. ‘जिथे धूर तिथे अग्नी’ ही व्याप्ती उदाहरणासकट सांगावी लागते. प्रतिज्ञा (दावा), हेतू (कारण), उदाहरण, उपनय (ते इथे लागू करणं), निगमन (निष्कर्ष) असे पाच अवयव. शाळेत संस्कृतच्या तासाला हे कानावरून गेलं होतं, पण उपयोग इथे झाला. परीक्षेतला उतारा प्रतिज्ञा आणि हेतू तेवढे ठेवतो आणि व्याप्ती गाळतो. ती शोधून जागेवर बसवणं एवढंच काम, असं म्हटल्यावर भीती बरीच कमी झाली.

मग मी पर्यायांकडे बघण्याआधी उतारा दोन भागांत तोडू लागले: लेखकाला काय पटवायचं आहे, आणि त्यासाठी तो काय पुरावा देतोय. निष्कर्ष नेहमी शेवटी नसतो. बऱ्याचदा तो पहिल्याच वाक्यात असतो आणि पुढे ‘कारण’ येतं. ‘म्हणून’, ‘यावरून दिसतं’, ‘तेव्हा’ हे शब्द मदतीला येतात, पण ते नसले तर मी दोन वाक्यांच्या मध्ये ‘कारण’ घालून दोन्ही बाजूंनी वाचून बघायचे. एका बाजूने वाचलं की अर्थ लागतो, दुसऱ्या बाजूने विचित्र वाटतं.

तोडल्यावर पुढचा प्रश्न: निष्कर्षात असं काय आलं, जे पुराव्यात नव्हतं? ‘या औषधाने ताप उतरतो, म्हणून या औषधाने आजार बरा होतो.’ पुराव्यात ताप आहे, निष्कर्षात आजार आहे. दोघांमधला पूल गायब आहे, आणि बरोबर पर्यायात बहुधा दोन्ही शब्द असतात. असे प्रश्न पटकन सुटतात. ‘ग्रंथालयात येणारे वाढले, म्हणून वाचन वाढलं’, ‘तक्रारी कमी झाल्या, म्हणून सेवा सुधारली’ ही सगळी एकाच कुळातली. शब्द हळूच बदललेला असतो, इतकंच.

खरा वेळ खातात ते वरच्या प्रशिक्षणासारखे प्रश्न. तिथे नवा शब्द शोधून काही हाती लागत नाही; पुराव्यातही प्रशिक्षण आणि काम, निष्कर्षातही तेच. तरी भोक आहे. स्वतःहून पुढे आलेले लोक मुळातच जास्त हुशार किंवा होतकरू असले तर? मग फरक प्रशिक्षणाने पडला असं म्हणता येत नाही. इथे गृहीतक दोन टोकं जोडायला येत नाही, एक आक्षेप दाराबाहेर ठेवायला येतं: ‘प्रशिक्षण घेणारे आधीपासूनच इतरांपेक्षा सरस नव्हते.’ असे पर्याय नकारार्थी, काहीसे आडवळणी आणि दिसायला अगदी नीरस असतात, त्यामुळे नजर त्यांच्यावरून सरकून जाते. म्हणून कार्यकारणाचा दावा दिसला की पर्याय वाचायच्या आधीच मी तीन शंका काढून ठेवायचे. कारण दुसरंच असेल का, कार्य आणि कारण उलटे असतील का, की हा निव्वळ योगायोग असेल? पाहणीचा दावा असेल तर चौथी: ज्यांना विचारलं ते बाकीच्यांसारखेच आहेत का?

शेवटी दोन पर्याय उरले की उलटवून बघायचं. पर्याय खोटा मानायचा आणि युक्तिवाद टिकतो का ते पाहायचं. कोसळला तर ते गृहीतक आवश्यक, टिकला तर पर्याय बाद. ही युक्ती सगळेच सांगतात. पण उलटवायचं कसं हे फारसं कोणी सांगत नाही, आणि अडचण तिथेच आहे. ‘सगळे सभासद येतील’ याचा नकार ‘कोणीच येणार नाही’ असा होत नाही. ‘निदान एक जण येणार नाही’ एवढाच होतो. ‘काही जण येतील’ याचा नकार मात्र ‘एकही जण येणार नाही’. ‘बहुतेक’चा नकार ‘निम्म्यापेक्षा जास्त नाहीत’. नकार जितका सौम्य, तितकी चाचणी खरी. टोकाचा नकार केला तर कोणताही युक्तिवाद कोसळतो आणि सगळेच पर्याय बरोबर वाटू लागतात.

या सौम्य नकारामुळेच भपकेबाज पर्याय गळतात. ‘ती नदीकाठी वाढली, तेव्हा तिला बहुधा पोहता येत असणार.’ पर्याय म्हणतो, ‘नदीकाठी वाढलेल्या प्रत्येकाला पोहता येतं.’ वाचताना किती चपखल वाटतं! हे खरं असेल तर निष्कर्ष पक्काच होतो. पण युक्तिवादाला एवढ्याची गरज नाही. एखाद्याला पोहता येत नसलं तरी तिला बहुधा येत असेल, असं म्हणायला काही हरकत नाही. पुरेसं असणं वेगळं आणि आवश्यक असणं वेगळं. एलसॅटच्या, म्हणजे अमेरिकेतल्या विधी महाविद्यालयांच्या प्रवेशपरीक्षेच्या, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवल्या तेव्हा हे अंगवळणी पडलं, कारण तिथे दोन्ही तऱ्हेचे प्रश्न येतात आणि प्रश्नाच्या शब्दांवरून कोणतं हवंय ते ओळखावं लागतं. ‘हे गृहीत धरल्यास निष्कर्ष निश्चित होतो’ असं विचारलं असेल तर ‘प्रत्येक’वाला जोरदार पर्यायच हवा असतो. ‘युक्तिवाद ज्यावर अवलंबून आहे’ असं असेल तर मी ‘किमान’, ‘काही’, ‘शक्य आहे’ असल्या मवाळ शब्दांकडे आधी बघते.

नोकरभरतीच्या परीक्षांतले ‘विधान आणि गृहीतक’ हे प्रश्न मला आजही आवडत नाहीत. सरावाला तेही केले. ‘लिफ्ट बंद आहे, जिना वापरावा’ अशी सूचना. गृहीतक एक: लोक सूचना वाचतील. दोन: जिना वापरण्याजोगा आहे. तीन: लिफ्ट लवकरच दुरुस्त होईल. पहिली दोन सूचना लावणाऱ्याच्या मनात आहेत, तिसऱ्याचा सूचनेशी संबंध नाही, इथपर्यंत ठीक. पण ‘लोक सूचना पाळतील’ असं चौथं आलं की उत्तरतालिका आपापसांत भांडतात. इथे युक्तिवाद तपासायचा नसतो, बोलणाऱ्याच्या मनाचा अंदाज बांधायचा असतो, आणि तो कुठवर बांधायचा हे प्रश्न काढणाऱ्यावर असतं. वॉटसन-ग्लेझर या तर्कशक्ती तपासणाऱ्या चाचणीतही ‘गृहीत धरलं आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच ठरवायचं असतं, पण तिथल्या सूचना मला जास्त नेमक्या वाटल्या.

जीमॅटच्या परीक्षेत शाब्दिक विभागाला ४५ मिनिटांत २३ प्रश्न होते, म्हणजे एकेका प्रश्नाला दोन मिनिटंही नाहीत, आणि त्यातच मोठे उतारेही वाचायचे. सगळे पर्याय उलटवून बघायला वेळ नव्हता. शंका आधी काढायची, तिच्या जवळपास न येणारे पर्याय सोडायचे आणि उरलेले दोनच उलटवायचे, असं चाललं. प्रश्नावर खूण ठेवून परत येता येतं, पण एका विभागात तीनच उत्तरं बदलता येतात. शेवटच्या मिनिटांत खूण केलेले दोन प्रश्न पुन्हा उघडले. एकाचं उत्तर बदललं, दुसऱ्याचं तसंच ठेवून विभाग संपवला.