बारा टन बारूद म्हणजे नेमकी किती?

वर्धा खोऱ्यातल्या एका उघड्या कोळसा खाणीत मी ब्लास्टिंग अधिकारी आहे. कोळशावरचा दगडाचा थर, ज्याला खाणीत सगळे ओबी म्हणतात, तो फोडण्यासाठी होल मारणे, त्यात इमल्शन (आमचे दाट लगद्यासारखे स्फोटक) भरणे, वरून स्टेमिंग करणे, म्हणजे होलचे तोंड भुशाने किंवा गिट्टीने बुजवणे, आणि पाळी बदलण्याच्या वेळेत, माणसे-यंत्रे बाजूला काढून, सायरन देऊन ब्लास्ट घेणे हे माझे रोजचे काम. स्फोटकांचा हिशेब आम्ही किलो आणि टनांत करतो आणि त्या आकड्यांची इतकी सवय होते की बाहेरच्या माणसाला ते कसे ऐकू येत असतील, हे ध्यानातच राहत नाही.

गेल्या हिवाळ्यात खाणीलगतच्या गावातून लेखी तक्रार आली. ब्लास्टच्या वेळी कवेलू सरकतात, भांडी वाजतात, भिंतीला चिरा पडतात, अशी ती होती. सरपंचताईंनी बैठक ठेवली आणि एक अट घातली, जी मला फार आवडली: ब्लास्ट होईल तेव्हा साहेबांनी खाणीत नव्हे, गावात बसायचे, आणि मोजायचे यंत्र कोणाच्या तरी ओसरीवर ठेवायचे. खाणीकडची जबाबदारी सहकाऱ्याकडे देऊन मी गावात गेलो. खाणीच्या बाजूचे शेवटचे घर एका आजींचे होते, ब्लास्टपासून सुमारे ८०० मीटरवर. त्यांच्या ओसरीवर कंपनमापक बसवला, आणि समोर शाळेचा फळा आणून ठेवला गेला.

पहिलाच प्रश्न आला तो असा : “साहेब, बारा टन बारूद उडवता म्हणे. बारा टनांत आमच्या गावाचं काय राहीन?”

त्या दिवशीचा ब्लास्ट खरोखरच बारा टनांचा होता. मी फळ्यावर मांडणी केली. आमच्या इमल्शनमध्ये किलोमागे साधारण ३ मेगाज्यूल ऊर्जा असते, म्हणजे बारा टनांत ३६,००० मेगाज्यूल. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल असतात. भागाकार केला की उत्तर येते हजार लिटर डिझेल, आणि समोर ओबी वाहणाऱ्या शंभर टनी डंपरच्या एका टाकीत त्याहून थोडे अधिकच मावते. लोक हसले. कोणालाच खरे वाटेना. मग मी भाकरी काढली. टीएनटी या स्फोटकाचा, ज्याच्या मापाने सगळे स्फोट मोजतात, ठरलेला हिशेब ग्रॅमला एक किलोकॅलरी असा आहे, आणि एका मोठ्या भाकरीला लागणाऱ्या शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात साडेतीनशेच्या आसपास किलोकॅलरी असतात. म्हणजे वजनाला वजन लावले तर टीएनटीपेक्षा ज्वारी भारी ठरते.

यात चमत्कार काही नाही. डिझेल किंवा पीठ जळताना लागणारा ऑक्सिजन हवेतून घेते, त्यामुळे त्याच्या सगळ्या वजनात नुसते इंधनच असते. स्फोटकाला मात्र आपला ऑक्सिजन स्वतःच बरोबर वागवावा लागतो. आमच्या इमल्शनमध्ये मुख्य भाग ऑक्सिजन पुरवणाऱ्या अमोनियम नायट्रेटचा आणि इंधन म्हणून तेल अगदी थोडे. या शिदोरीच्या ओझ्याने किलोमागची ऊर्जा कमी होते, पण हवेची वाट पाहावी लागत नाही, आणि खरी ताकद तिथेच आहे. सहा मीटर लांबीचा भरलेला होल सेकंदाला सुमारे पाच हजार मीटर या वेगाने खालपासून वरपर्यंत पेटतो, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाहून थोडा अधिक वेळ घेतो. होलमध्ये ३६० किलो इमल्शन धरले, तर तेवढ्या क्षणापुरता ऊर्जा सुटण्याचा वेग नऊ लाख मेगावॉट होतो. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे; अशी तीनशे केंद्रे एका होलात. टाकीभर डिझेल आणि बारा टन इमल्शन यांत फरक आहे तो या वेळेचा, आणि म्हणून ‘अमुक इतक्या डिझेलएवढी ऊर्जा’ ही तुलना मी एकटी कधीही सांगू नये, असे माझे मत आहे. ती खरी असूनही माणसाला गाफील करते.

शाळेच्या गुरुजींनी उलट्या टोकाचा प्रश्न विचारला : हे हिरोशिमाच्या किती? ६ ऑगस्ट १९४५ चा तो बॉम्ब सुमारे १५,००० टन टीएनटीइतका होता. इथल्या माणसाला टन दाखवायचे तर मालगाडी दाखवावी. गावाशेजारून कोळशाची जी गाडी जाते, तिच्यात जवळपास चार हजार टन माल असतो. तशा चार गाड्या टीएनटीने भरल्या की हिरोशिमा. मात्र त्याच गाडीतल्या कोळशाची ऊर्जा काढली, आपल्या खोऱ्यातला कोळसा किलोमागे चार हजार किलोकॅलरीचा धरून, तर एकाच गाडीत हिरोशिमाइतकी ऊर्जा निघते, आणि चंद्रपूरचे केंद्र पूर्ण क्षमतेने चालले तर तेवढा कोळसा साधारण दोन तासांत जाळते. गुरुजी बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिले, मग त्यांनी ती बेरीज-वजाबाकी स्वतः पुन्हा करून पाहिली. त्यांनी मग १४ एप्रिल १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटांची आठवण काढली. फोर्ट स्टिकीन जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि तो हादरा सिमल्याच्या भूकंपमापकावरही उमटला होता. आमच्या बारा टनांच्या शंभर-सव्वाशे पट. पण ती जहाजाच्या पोटात होती आणि दोन मोठ्या स्फोटांत गेली, तर आमची बारा टन तेहतीस होलांत विभागून दगडाच्या पोटात असतात आणि एकेक होल काही मिलिसेकंदांच्या डिलेने, म्हणजे मुद्दाम ठेवलेल्या अंतराने, सुटतो. गावाला धक्का जाणवतो तो बारा टनांचा नव्हे, एका डिलेत सुटणाऱ्या ३६० किलोंचा.

सायरन झाला. आधी पायाखाली हलकी थरथर, मग दोन-अडीच सेकंदांनी आवाज, आणि त्या आवाजाबरोबर आजींच्या फडताळातल्या पितळी भांड्यांची किणकिण. यंत्रावर जमीन हलण्याच्या वेगाचा आकडा आला : सेकंदाला २.८ मिलिमीटर, वारंवारता ११ हर्ट्झ. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकाप्रमाणे ८ ते २५ हर्ट्झच्या पट्ट्यात अशा घरांसाठी मर्यादा १० मिलिमीटर आहे. ती समजावी म्हणून मी एका पोराला यंत्राशेजारी उडी मारायला सांगितली. त्याने दोन्ही पायांनी दणकून मारली आणि आकडा ब्लास्टच्या दुपटीहून वर गेला. मंडळी खूश झाली. आजी झाल्या नाहीत.

“पोरगं उडी मारते तवा सारं घर उडी मारत नाही, साहेब,” त्या म्हणाल्या. “अन् पोरगं उडी मारते ते मले दिसते. तुमची उडी दिसत नाही.”

हे म्हणणे तांत्रिकदृष्ट्याही बिनतोड होते. उडीचे कंपन चार हातांवर विरते; ब्लास्टची लाट घराच्या पायाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उचलते. शिवाय कवेलू आणि भांडी हलवतो तो मुख्यतः हवेतून येणारा दाब, ज्याचा बराच भाग कानाला ऐकूही येत नाही, आणि तो कंपनाच्या आकड्यात धरलेला नसतो. ढगाळ किंवा थंड सकाळी हवेचे थर उलटे, म्हणजे खाली थंड आणि वर गरम, असले की तोच दाब जमिनीलगत दूरवर जातो.

बैठकीत ठरले ते असे. गावाकडच्या बाजूचे होल दोन डेकमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या वेळी सुटणाऱ्या दोन टप्प्यांत, भरून एका डिलेतला भार १८० किलोंवर आणायचा. भार निम्मा केला तरी कंपन निम्मे होत नाही, पण आमच्या गणिताप्रमाणे २.८ चा आकडा १.७ च्या जवळ यायला हवा होता, आणि पुढच्या ब्लास्टला तो १.६ आला. ढगाळ दिवशी गावाकडचा पट्टा सोडायचा. स्टेमिंगला होलमधून निघालेल्या भुशाऐवजी बारीक गिट्टी वापरायची, म्हणजे वायू तोंडातून निसटून हवेत धडाका होणार नाही. चिरांची पाहणी बाहेरच्या अभियंत्याकडून करवायची, कारण आमच्या माणसाच्या शब्दावर गावाने का विश्वास ठेवावा?

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आता फलक आहे. त्यावर ब्लास्टची वेळ, एका डिलेतला भार, कंपन आणि हवेचा दाब रोज खडूने लिहिले जातात. एकूण टनांचा रकाना त्यात असावा का, यावर आमच्या कार्यालयात अजून वाद आहे. तो आकडा पाहून लोक विनाकारण घाबरतात, असे वरिष्ठांचे म्हणणे. रकाना ठेवावा असे माझे म्हणणे आहे, कारण तो पुसला तर गावात बारा टनांचे पन्नास टन व्हायला एक दिवसही लागणार नाही.