देवाच्या ग्रंथात रेघा कशा मारता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. खरं तर हा प्रश्न मला ऑफिसात विचारतात, गाडीत विचारतात, आणि गेल्या महिन्यात आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारला. चहाला आल्या होत्या. टेबलावर माझं बायबल उघडं पडलेलं. त्यांच्या घरी गुरुचरित्राची पोथी लाल वस्त्रात बांधलेली असते, सप्ताहाला ती सोवळ्यात सोडतात. आणि माझ्या बायबलात हिरव्या, निळ्या, गुलाबी रेघा. एका समासात तर गॅसवाल्याचा फोन नंबर. (घाईत लिहिला. आई असती तर बोलणी खाल्ली असती.)

"अगं, हा तुमचा देवाचा ग्रंथ ना? त्याच्यावर पेन कसं चालवतेस?"

आमच्यात शास्त्राला मान नाही असं नव्हे. रविवारच्या उपासनेत शुभवर्तमानाचं, म्हणजे येशूची गोष्ट सांगणाऱ्या पुस्तकांचं, वाचन आलं की आम्ही उठून उभे राहतो. वसईकडचे कॅथलिक तर त्या वेळी अंगठ्यानं कपाळ, ओठ आणि छातीवर क्रूस काढतात, आणि वाचून झालं की फादर ग्रंथाचं चुंबन घेतात. आम्हा नगरकडच्या अमेरिकन मराठी मिशनच्या प्रोटेस्टंट लोकांचा कारभार त्या मानानं कोरडा. उभं राहायचं, ऐकायचं, बसायचं.

हे उभं राहणं जुनं आहे. बायबलातल्या नहेम्याच्या पुस्तकात, आठव्या अध्यायात, यरुशलेमेतली मंडळी पाणीवेशीसमोरच्या चौकात जमली आहेत. एज्रा नावाचा शास्त्री लाकडी मंचावर चढतो, ग्रंथ उघडतो आणि सगळे उभे राहतात. पहाटेपासून दुपारपर्यंत वाचन चालतं, लेवी, म्हणजे मंदिराची सेवा करणारे लोक, अर्थ सांगत फिरतात. ऐकता ऐकता लोक रडायला लागतात, तेव्हा त्यांना सांगितलं जातं की रडू नका, घरी जा, गोडधोड खा, आणि ज्यांच्याकडे काही शिजलं नसेल त्यांना वाटा पाठवा. पण मला आवडतो तो पुढचा भाग. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचायला बसतात तेव्हा त्यांना सापडतं, अरे, या महिन्यात मांडवांत राहायला सांगितलंय. लगेच लोक डोंगरावर जातात, जैतुनाच्या, खजुराच्या फांद्या तोडून आणतात आणि गच्चीवर, अंगणात, चौकात मांडव घालतात. काल उभे राहिले, आज फांद्या तोडायला गेले. काकूंना मी हीच गोष्ट सांगितली. अर्थ सांगत फिरणारे ते लेवी वाचले की मला केडगाव आठवतं. पंडिता रमाबाई तिथं हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणत बसल्या, मुक्ती मिशन या त्यांच्या आश्रमातल्या साध्या बायकांना कळेल अशा भाषेत. 1922 साली त्या गेल्या, भाषांतर 1924 साली छापून निघालं. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडिता, पण शब्द निवडताना डोळ्यांसमोर नुकतीच अक्षरं शिकलेली बाई.

माझी आजी तशीच. नेवासे तालुक्यातली, लग्नानंतर वाचायला शिकलेली. तिच्या बायबलला जुन्या लुगड्याच्या काठाची शिवलेली पिशवी होती आणि आत शिसपेन्सिलीच्या रेघा, पण मोजक्याच. तिचा नियम होता, "करून झालं की रेघ."

म्हणजे काय, ते आईनं सांगितलं. आजीचा आणि तिच्या जावेचा विहिरीच्या पाळीवरून वर्षभर अबोला होता. प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा, रविवार होता. पाळकसाहेबांनी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय वाचला: वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. पदराच्या गाठीत चार आणे होते. आजीनं गाठ सोडली, नाणं सतरंजीवर ठेवलं आणि भर उपासनेतून उठून चालती झाली. बायकांना वाटलं, पोटात दुखलं असेल. जाऊ शेतात खुरपत होती. तिथं काय बोलणं झालं ते दोघींनीही कधी सांगितलं नाही. परत येईपर्यंत उपासना सुटली होती, प्रभुभोजन चुकलं होतं, आणि नाणं मंडळीच्या खजिनदारानं उचलून ठेवलं होतं. त्या रात्री कंदिलापाशी तेविसाव्या आणि चोविसाव्या वचनाखाली रेघ पडली.

आता आमचं पाहा. प्रेषित पौलानं करिंथ गावच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, अकराव्या अध्यायात, प्रार्थनेच्या वेळी बाईनं डोकं झाकावं असं आहे. ते आम्ही इतकं पाळतो की जीन्समधल्या पोरीसुद्धा चर्चच्या दारात पर्समधून ओढणी काढतात, ओढणी नसेल तर हातरुमाल. त्याच पत्राच्या चौदाव्या अध्यायात बायांनी मंडळीत गप्प राहावं असं आहे, आणि आमचं जुनं मिशन आता ज्यात आहे त्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्त्रिया पाळक आहेत, उपदेश करतात, उत्तम करतात. आणि सोळाव्या अध्यायात पवित्र चुंबन घेऊन एकमेकांना सलाम करा, असं स्पष्ट लिहिलंय! एका पाहुण्या उपदेशकानं पदरावर पाऊण तास आम्हाला झोडपलं, तेव्हा मी मनात म्हटलं, साहेब, आणखी पाच अध्याय पुढे चला ना. उपासना सुटल्यावर त्यांनी सगळ्यांशी हात मिळवला, 'जय ख्रिस्त' म्हटलं आणि गाडीत बसले.

डोक्यावर पदर मीही घेते. आजी घ्यायची म्हणून घेते की पौलानं सांगितलं म्हणून, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

आजीचं बायबल आता माझ्या कपाटात आहे. मत्तयाचा सहावा अध्याय काढला की शेवटी ते वचन येतं, उद्याची चिंता करू नका. तिथं रेघ नाही. छपराची, पावसाची, नातवंडांच्या दहावीची चिंता करत करत आजी गेली, पण फसवी रेघ मारली नाही. माझ्या बायबलात त्याच ओळीखाली तीन रंग आहेत. काकू पानं चाळत होत्या, तेव्हा त्या अध्यायापर्यंत पोचायच्या आधीच मी विचारलं, आणखी थोडा चहा टाकू का?