रजिस्टरमधला जादा रकाना

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, त्याचं कुणाला काही वाटत नाही. मी इथल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. तीन उन्हाळ्यांपूर्वी रोजगार हमीच्या (रोहयो) कामावरून एका बाईंना भरदुपारी आणलं. बरळत होत्या, ताप 106. ओल्या चादरी, पंखा, काखेत-जांघेत बर्फ. बर्फ समोरच्या रसवंतीवरून पळत आणला. त्या वाचल्या. त्याच आठवड्यात शेजारच्या गावात एक आजोबा गेले. कागदावर 'हृदयविकार' लागलं. ऊन लागलं असेलही, पण अंगाचा ताप कुणी मोजलाच नव्हता, मग उष्माघात लिहिणार कशाच्या आधारावर?

कामाची वेळ बदला म्हणून वर पत्र दिलं. "डॉक्टर, तुम्ही औषधांचं बघा," असं उत्तर आलं. राग आला. पण खरं सांगायचं तर पत्रातच दम नव्हता. जागतिक तापमानवाढ होती, 2010 च्या लाटेनंतर 2013 मध्ये अहमदाबादने केलेला उष्णता कृती आराखडा होता; आमच्या गावांचं काहीच नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात आशाताईंच्या रजिस्टरला एक रकाना वाढवला: चक्कर किती वाजता आली, कुठे आली. तो घेऊन 1 मेच्या ग्रामसभेत उभा राहिलो. कार्बनवर घसरलो तसा मागून आवाज आला, "मंग कोळसा बंद करता का?" इथून 2920 मेगावॅटच्या वीजकेंद्राचा धूर दिसतो आणि निम्म्या घरांची भाकरी कोळशावर आहे. मी म्हटलं, "आज नाही, पण तो विषय टाळणारही नाही." मग मुकाट रजिस्टर उघडलं.

रोहयोचं काम सकाळी 6 ते 11 करा, एवढंच मागणार होतो. एक आजी उठल्या. "काम सकायचं कराल डाक्टर, पन घरच्या पत्र्याचं काय?" आशाताईंनी पानं उलटली. 'चुलीपाशी', 'घरात, रात्री' अशा नोंदी ढीगभर होत्या. मी फक्त कामावरच्या मोजल्या होत्या.

ठरावात दोन्ही गोष्टी आल्या. कामाची वेळ बदलायला पंधरा दिवस आणि तीन चकरा लागल्या. अंगणवाडीच्या पत्र्याला पांढरा चुना लागला, घरांचं अजून रखडलंय. आणि आमच्या ओपीडीची रांग ज्या पत्र्याखाली उभी राहते, तो ठरावात घालायचा मीच विसरलो होतो. चुन्याच्या दोन गोण्या स्वतः आणल्या, रविवारी शिपाईदादा शिडीवर चढले.