सोलापूरच्या गच्चीवरून एका जुन्या नवताऱ्याची थरथर: माझा अनुभव

गरुड तारकासमूहातील ‘व्ही ६०३ अक्विली’ हा तारा जून १९१८ मध्ये नवतारा म्हणून, म्हणजे एकाएकी प्रचंड उजळून, भडकला, तेव्हा काही काळ तो अभिजित या ठळक ताऱ्यापेक्षाही तेजस्वी दिसत होता. बंगालमधील जेसोरच्या सरकारी खजिन्यात नोकरी करणारे हौशी आकाशनिरीक्षक राधागोविंद चंद्र यांनी तो अगदी सुरुवातीला पाहिला होता. आज तो बाराव्या प्रतीच्या आसपास आहे (प्रत म्हणजे तेजाचे माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद). मात्र ही खरे तर दोन ताऱ्यांची जोडी आहे: सोबती ताऱ्याकडून ओढले जाणारे द्रव्य श्वेतबटूभोवतीच्या (मृत ताऱ्याच्या लहान, अतिघन गाभ्याभोवतीच्या) चकतीत खळबळत फिरत असल्याने त्याचे तेज अवघ्या काही मिनिटांत दोन-तीन दशांश प्रतींनी खालीवर होते. ही थरथर माझ्या आठ इंची दुर्बिणीतून मोजावी, असे मी ठरवले.

त्यासाठी मे महिना निवडावा लागला. या जोडीची प्रदक्षिणा सुमारे ३ तास १९ मिनिटांची आहे; ऑक्टोबरात अंधार पडेपर्यंत गरुड पश्चिमेला कललेला असतो आणि एक फेरीही पुरी मिळत नाही. मे महिन्यात मध्यरात्रीपासून पहाटे साडेचारपर्यंत तारा पुरेसा उंच असतो. अडचण उकाड्याची होती. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीनंतरही धग सोडतो आणि प्रतिमा थरथरते, म्हणून संध्याकाळीच गच्चीवर भरपूर पाणी मारत असे. कॅमेऱ्याचा सेन्सर उणे दहा अंशांवर नेण्याचा हट्ट न धरता शून्यावर स्थिर ठेवला, कारण येथे थंडाव्यापेक्षा स्थिरता महत्त्वाची असते. ध्रुवतारा सोलापुरात क्षितिजापासून जेमतेम साडेसतरा अंशांवर, म्हणजे नेमका शेजारच्या पाण्याच्या टाकीमागे. त्यामुळे माउंटची, म्हणजे दुर्बीण फिरवणाऱ्या आधाराची, दिशा इतर ताऱ्यांचे सरकणे पाहून जुळवावी लागली.

खरा प्रश्न असा होता, की दिसणारा चढउतार ताऱ्याचा आहे की आपल्या धुळकट हवेचा? त्याचे उत्तर त्याच चित्रातील शेजारच्या ताऱ्यांकडे असते. ज्ञात प्रतीचा एक तारा तुलनेसाठी घेतला आणि दुसरा केवळ पडताळणीसाठी. धुळीचा पट्टा आला, तर तिन्ही तारे एकदमच मंदावतात आणि त्यांच्यातील फरक कायम राहतो. ‘व्ही’ फिल्टर (फक्त हिरवट-पिवळा प्रकाश आत सोडणारी काच) न लावता प्रकाश जास्त मिळतो, हे खरे. पण नवताऱ्याची चकती निळसर आणि बहुतेक शेजारी तारे पिवळट असल्यामुळे क्षितिजाजवळ निळा प्रकाश अधिक गळतो आणि नसलेला मंद उतार आलेखात उमटतो. म्हणून मी तीस सेकंदांचे प्रत्येक छायाचित्र फिल्टरमधूनच घेतले. लॅपटॉपचे घड्याळ आधी इंटरनेटवरून जुळवून घेणे हेही तितकेच आवश्यक होते.

आलेख तयार झाला तेव्हा पडताळणीचा तारा एक-दोन शतांश प्रतींच्या आत जवळजवळ सपाट रेषेत होता आणि त्याच्या वर नवताऱ्याचे बिंदू दातेरी कडेसारखे खालीवर धावत होते. एका ठिकाणी दहाएक मिनिटांत दीड दशांशाची चढण स्पष्ट दिसते. त्याखाली एक सावकाश लाटही जाणवते, पण तिला मी प्रदक्षिणाकाळ म्हणणार नाही. या ताऱ्यात चकतीच्या डोलण्यामुळे साधारण साडेतीन तासांचे वेगळे आवर्तनही आढळते, आणि ही दोन एकमेकांपासून सुटी करायला लागोपाठ अनेक रात्री लागतात. जूनमध्ये ढग येऊ लागतात, त्यामुळे ते काम पुढच्या उन्हाळ्यासाठी ठेवले आहे.