एबेर घराण्याच्या लेकी

लुई एबेर हा पॅरिसचा औषधविक्रेता १६१७ साली पत्नी मारी रोले आणि तीन मुलांना घेऊन क्वेबेकला गेला. तेथे जमीन कसून कायमचे स्थायिक झालेले पहिले फ्रेंच कुटुंब म्हणून त्याच्या घराण्याचे नाव घेतले जाते. आडनाव चालवणारी त्याची शाखा मात्र नातवाच्या पिढीनंतर खुंटली. आज त्याचे जे असंख्य वंशज कॅनडात आणि अमेरिकेत आहेत, ते सगळे त्याची मुलगी गियमेत आणि नात फ्रांस्वाज या दोघींच्या पोटचे आहेत.

माझ्या भाचीचे सासर मॉन्ट्रियलचे आहे. भाचेजावयांनी आपल्या घराण्याची वंशावळ दादरला आमच्याकडे पाठवली, तेव्हा मी आमच्याच कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीची जुळवाजुळव करत होतो. त्यामुळे दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचणे ओघानेच आले. त्यांची वंशावळ गियमेतपर्यंत पोहोचते आणि वाटेत कितीतरी ठिकाणी वडिलांकडून नव्हे, तर आईकडून वर चढते. हे शक्य झाले, कारण तिकडच्या चर्चच्या नोंदवह्यांत स्त्री लग्नानंतरही माहेरच्याच नावाने येते. बाप्तिस्म्याच्या नोंदीत मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आईचे माहेरच्या आडनावासह नाव आणि धर्ममातापित्यांची नावे असतात. दफनाच्या नोंदीतही पुष्कळदा 'अमक्याची पत्नी' असे लिहिण्याआधी तिचे स्वतःचे नाव येते. अशा नोंदी ठेवण्याची सक्ती फ्रान्समध्ये १५३९च्या राजाज्ञेपासून सुरू झाली आणि १६६७च्या आज्ञेने वही दोन प्रतींत ठेवायची, एक चर्चमध्ये आणि एक न्यायालयात, असे ठरले.

तरीही दुवे तुटतातच. क्वेबेकचे चर्च १६४० साली जळाले, तेव्हा आधीच्या नोंदी लोकांच्या आठवणींवरून पुन्हा लिहाव्या लागल्या. पॅरिसच्या नोंदवह्या १८७१च्या कम्यूनच्या, म्हणजे शहरातल्या बंडखोर सरकारच्या काळातल्या, आगीत भस्मसात झाल्या, आणि म्हणून एबेरच्या पूर्वजांचा शोध घेणाऱ्याला करारमदार नोंदवणाऱ्या नोटरींच्या दप्तरांकडे वळावे लागते. मला स्वतःला ही दप्तरे चर्चच्या वह्यांहून अधिक बोलकी वाटतात. एबेरला व्यापारी कंपनीने वर्षाला ६०० लिव्र (तेव्हाचे फ्रेंच चलन) देण्याचे कबूल केले होते. घरदार विकून तो ओंफ्लर बंदरात पोहोचल्यावर तो आकडा निम्म्यावर आणला गेला, फरच्या व्यापाराची त्याला बंदी झाली आणि त्याने व त्याच्या कुटुंबाने कंपनीचे काम करायचे, असे नव्या करारात लिहून घेतले गेले. परतीची वाट बंद झालेल्या माणसाकडून घेतलेली ती सही आहे, आणि एखाद्या पूर्वजाची अडचण इतक्या स्पष्टपणे कळणे वंशावळीच्या अभ्यासात फार क्वचित घडते.

आमच्या कुलवृत्तांतात पुरुषांच्या दहा पिढ्या सलग सापडतात. त्यांच्या पत्नींच्या रकान्यात मात्र बहुतेक ठिकाणी सासरी ठेवलेले नाव तेवढे आहे; लेकींच्या नावापुढे गाव आहे, पण त्यांच्या मुलाबाळांचा पत्ता नाही. हाच नियम एबेरच्या घराण्याला लावला असता, तर ते घराणे १६६०च्या दशकातच कागदावरून नाहीसे झाले असते. नव्या आवृत्तीसाठी मी छापील अर्जात माहेरचे नाव, माहेरचे आडनाव, माहेरचे गाव आणि लेकीची संतती असे चार रकाने वाढवले आहेत. गिरगाव, गोरेगाव आणि डोंबिवलीच्या नातलगांकडून ते भरून येऊ लागले आहेत. नव्वदीच्या आसपासच्या आत्या आणि माम्या यांच्याकडून ही माहिती आत्ताच घेतली पाहिजे, याची मला मनापासून तळमळ आहे.

भाचेजावयांना मी एकच सूचना केली. त्यांच्या तक्त्याच्या शिरोभागी फक्त लुईचे नाव होते. तो १६२७ साली बर्फावर पडून झालेल्या दुखापतीने वारला. मारी रोले त्यानंतर बावीस वर्षे जगली, १६२९ साली इंग्रजांनी क्वेबेक घेतले तेव्हाही ती कुटुंबासह तेथेच राहिली आणि पुढे मिशनऱ्यांकडे आलेल्या स्थानिक मुलींचा तिने आपल्या घरी सांभाळ केला. घराणे तेथे टिकले त्यात तिचा वाटा लुईइतकाच आहे. म्हणून तिचे नाव, तिच्या माहेरच्या आडनावासह, त्याच ओळीत आणि त्याच आकाराच्या अक्षरांत हवे, असे मी त्यांना लिहिले आहे.